प्रदर्शन मार्गशीर्षात, कसोटी वैशाखात : लाल कंधारी व देवणी जनावरांच्या त्वचेची उन्हाळ्यातील निगा

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात भरणारी खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी आणि पशुप्रदर्शनासाठी दूरवर ओळखली जाते. लातूर येथे महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेतही पशुप्रदर्शन असते, तर उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार बैलजोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. या सर्व ठिकाणी मान असतो तो याच मातीतल्या दोन गोवंशांना. एक कंधार परिसरातील लाल कंधारी आणि दुसरा देवणी परिसरातील देवणी.

या मैदानांवर उतरणाऱ्या वळूच्या किंवा कालवडीच्या अंगावरील तकाकी पाहून प्रेक्षक थबकतात. ही तकाकी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तेल चोळून आली असावी, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. वैशाखाच्या उन्हात गोचिडांनी पोखरलेली, दोरीने सोललेली किंवा निकृष्ट चाऱ्यामुळे कोरडी पडलेली त्वचा मार्गशीर्षात तेलाने लपत नाही. म्हणून प्रदर्शन हिवाळ्यात असले तरी त्याची खरी तयारी चैत्रापासूनच सुरू होते.

रंग हीच ओळख

लाल कंधारीचा रंग एकसारखा गडद लाल असतो. वळूमध्ये तो अधिक गडद दिसतो आणि डोळ्यांभोवती काळसर कडा असते. देवणी गोवंश गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडला असे मानले जाते. त्यात रंगावरून तीन प्रकार ओळखले जातात. अंग पांढरे व तोंडाचा काही भाग काळा तो वानेरा, अंग पांढरे व शरीराच्या खालच्या बाजूस काळे ठिपके तो बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असलेला शेवरा.

दोन्ही गोवंशांत रंग हा जातीच्या शुद्धतेचा पहिला पुरावा मानला जातो. लाल कंधारीचा लाल रंग फिकट, मातकट झाला किंवा देवणीच्या पांढऱ्या अंगावर केस गेलेले चट्टे पडले, तर परीक्षकाच्या मनात शंका येते आणि बाजारात किंमत उतरते. त्यामुळे त्वचेची निगा ही केवळ सजावटीची बाब राहत नाही.

त्वचा करते थंडाव्याचे काम

डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून ते चिखलात लोळते. म्हशीच्या घामग्रंथी विरळ असल्याने तिला डुंबायला पाणी लागते. गाय-बैलांना मात्र घाम येतो आणि देशी गोवंशात घामग्रंथी मोठ्या व त्वचेच्या पृष्ठभागाजवळ असतात. मानेखाली लोंबणारी पोळी आणि सैल कातडी यांमुळे उष्णता बाहेर टाकण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो. आखूड, चमकदार व अंगाला चिकटून बसलेले केस सूर्याची किरणे परतवतात आणि घाम लवकर वाळू देतात.

याचा अर्थ असा, की प्रदर्शनात जी तकाकी गुण मिळवून देते, तीच उन्हाळ्यात जनावराचे रक्षण करते. केस राठ व उभे राहिले, त्यांत धूळ-शेण साचले किंवा तेलाचा जाड थर बसला, तर ही यंत्रणाच अडखळते. उन्हाळ्यात थंड वाटावे म्हणून अंगावरील केस भादरण्याचा मोहही टाळावा. आखूड केसांचे आवरण हे उन्हापासूनचे संरक्षण आहे. केस काढलेली त्वचा थेट भाजते.

सावली व गोठा

नांदेड-लातूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या गोठ्यात छतच तापून जनावराच्या पाठीवर उष्णता ओतते. पत्र्यावर तुराट्या, पाचट किंवा निकृष्ट कडब्याचा थर टाकावा अथवा चुन्याचा पांढरा हात द्यावा. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास दुपारचे ऊन आत कमी शिरते. बाजूस ओली पोती टांगावीत, पण वारा अडू देऊ नये. कडुनिंबाची किंवा चिंचेची दाट सावली मिळत असेल तर दुपारी जनावरे तिथे बांधणे उत्तम. सकाळी नऊनंतर व सायंकाळी पाचपूर्वी जनावर उन्हात बांधून ठेवू नये.

खरारा आधी, पाणी नंतर

रोजच्या निगेत पहिले स्थान खराऱ्याचे आहे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी खरारा करावा. प्रथम हलक्या हाताने गोल फिरवून मळ व सुटलेले केस मोकळे करावेत, मग काथ्याच्या किंवा मऊ केसांच्या ब्रशने केसांच्या वळणाने ओढावे. पाय, डोके व कास यांवर लोखंडी खरारा वापरू नये. या घर्षणाने रक्ताभिसरण वाढते आणि त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता केसाच्या टोकापर्यंत पोहोचते. खरी तकाकी ती हीच. शिवाय दररोज हात फिरत असल्याने गाठ, जखम किंवा गोचीड पहिल्याच दिवशी हाताला लागतो.

कपडे धुण्याच्या साबणाने किंवा पावडरीने जनावर धुणे घातक ठरते. त्यातील तीव्र क्षार त्वचेवरील स्निग्ध थर काढून टाकतात व केस राठ होतात. सौम्य साबण आठ-पंधरा दिवसांतून एकदा वापरावा व तो पूर्ण निघेपर्यंत पाणी घालावे. पोळीच्या वळ्या, वशिंडामागील भाग, शेपटीची मुळे व मांड्यांमधील जागा कोरड्या कराव्यात. कोरड्या उन्हाळ्यात ओले अंग लवकर वाळते, मात्र मृगाच्या सरी सुरू झाल्यावर ते ओलेच राहते आणि बुरशीजन्य गजकर्णास आमंत्रण मिळते. हे गजकर्ण माणसालाही होते, हे ध्यानात ठेवावे.

पाणी कमी असेल तेव्हा

लातूरकरांना पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून शहराची तहान भागवावी लागली होती आणि त्याच वर्षी मराठवाड्यात जनावरे चारा छावण्यांत दाखल झाली होती. अशा वर्षी धुण्याला पाणी कोठून आणावे, हा प्रश्न रास्त आहे.

पाण्याचा पहिला हक्क पिण्याचा. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५० ते ८० लिटर पाणी लागते. ते तीन-चार वेळा, सावलीत ठेवलेल्या हौदातून द्यावे. पाण्याची कमतरता झाल्यास त्वचा लवचीकपणा गमावते, केस निस्तेज होतात आणि कोणताही लेप ते भरून काढू शकत नाही. उरलेल्या पाण्यात आंघोळीऐवजी ओल्या फडक्याने अंग पुसावे. एका बादलीत पूर्ण जनावर पुसून होते. आधी कोरडा खरारा केलेला असेल तर पुसणे पुरेसे ठरते.

चाऱ्यातून येणारी तकाकी

उन्हाळ्यातील मुख्य वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा. महिनोन्‌महिने उन्हात वाळलेल्या कडब्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वांश, म्हणजे कॅरोटीन, फारसा उरत नाही. त्यामुळे त्वचा कोरडी पडते, कोंडा सुटतो आणि केस राठ होतात. थोडा तरी हिरवा चारा, मुरघास किंवा अझोला रोज देता आला तर ही उणीव भरून निघते.

लाल कंधारीच्या पालकांनी तांब्याच्या कमतरतेकडे विशेष लक्ष द्यावे. हे खनिज कमी पडले की गडद लाल रंग फिकट, गंजल्यासारखा दिसू लागतो. डोळ्यांभोवती हा बदल लवकर जाणवतो. जस्ताच्या अभावाने त्वचा जाड व खवलेदार होते. प्रौढ जनावराला दररोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण व थोडे मीठ देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. मोरचूद घरच्या अंदाजाने पाजणे मात्र जिवावर बेतू शकते. केस हे मूलतः प्रथिनांचे बनलेले असल्याने सरकी, करडई किंवा सोयाबीनची पेंड आहारात असावी. जवसाचा थोडा वापर केसांच्या चमकेस पोषक ठरतो.

टंचाईत भुकेले जनावर घाणेरीचा पाला खाते. त्यातील विषाने यकृत बिघडते आणि उन्हाचा परिणाम होऊन त्वचा लाल होते, सुजते व सोलून निघते. रंगद्रव्य कमी असलेल्या भागांवर हा परिणाम तीव्र असतो, म्हणून पांढऱ्या देवणीच्या पालकांनी अधिक जपावे. अशा जनावरास तत्काळ अंधाऱ्या सावलीत बांधून पशुवैद्यकास बोलवावे. गाजरगवताच्या सतत संपर्कानेही त्वचेचा दाह होतो.

गोचीड : त्वचेचा मोठा शत्रू

गोचीड रक्त पितो, त्वचेला भोके पाडतो आणि थायलेरियासिस, बबेसिओसिस यांसारखे प्राणघातक रोग पसरवतो. तो कानाच्या आत, पोळीखाली, कासेजवळ व शेपटीखाली शोधावा. पोट भरलेली मादी जमिनीवर पडून भिंतींच्या फटींत एका वेळी दोन-तीन हजार अंडी घालते. त्यामुळे केवळ जनावरावर औषध लावून भागत नाही. फटी बुजवणे, भिंतींना चुना लावणे, शेण-कचरा दूर करणे आणि गोठ्यातही फवारणी करणे आवश्यक असते.

औषधाचे प्रमाण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठेवावे. फवारणीपूर्वी जनावराला पोटभर पाणी पाजावे, तोंडाला मुसके बांधावे, जखमांवर औषध जाऊ देऊ नये आणि भर उन्हात फवारणी करू नये. दुभत्या गाईला औषध दिल्यास सांगितलेल्या कालावधीपर्यंत दूध वापरू नये. निंबोळी तेलाचा सौम्य साबणासह वापर साहाय्यक म्हणून करता येतो, पण तीव्र प्रादुर्भावात त्यावर विसंबू नये.

लम्पीचा धडा

२०२२ च्या ऑगस्टपासून लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रात हाहाकार माजवला. सप्टेंबरमध्ये जनावरांचे बाजार, प्रदर्शने व वाहतूक यांवर निर्बंध आले. माशा, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या या विषाणूजन्य रोगात अंगभर गाठी येतात, त्या फुटून खोल व्रण पडतात आणि बरे झालेल्या जनावराच्या अंगावरही वण राहतात. वर्षानुवर्षे जपलेला वळू एका हंगामात प्रदर्शनाबाहेर जाऊ शकतो. दरवर्षी वेळेवर लसीकरण, कीटकांचे नियंत्रण आणि बाजारातून आणलेले नवे जनावर काही आठवडे वेगळे ठेवणे हे उपाय टाळता कामा नयेत. गाठ दिसताच जनावर वेगळे करून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. हा रोग माणसाला होत नाही.

डागणी, दोरी आणि रंग

दुखण्यावर उपाय म्हणून तापल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्याने दुखणे बरे होत नाही, पण त्वचेवर कायमचा वण राहतो. नायलॉनचे दावे मानेवर व वेसण नाकात घासून जखमा करतात. त्याऐवजी सुती, रुंद दावे वापरावे. जूमुळे खांद्यावर आलेली सूज पूर्ण उतरल्याखेरीज बैल जुंपू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद व लोणी चोळून केली जाणारी खांदेमळणी ही या काळजीचीच परंपरा आहे. ती वर्षातून एका दिवसापुरती राहू नये.

शिंगे खोलवर साळणे व त्यांवर वारंवार रासायनिक रंग लावणे टाळावे. सततच्या इजेचा संबंध शिंगाच्या कर्करोगाशी जोडला जातो. अंगाचा रंग गडद दिसावा म्हणून केसांना रंग लावणे तर सरळ फसवणूक आहे. ओले फडके फिरवताच तिचे बिंग फुटते. प्रदर्शनाच्या दिवशी तेल लावायचेच असेल तर हातावर चार थेंब घेऊन फडक्याने पुसावे. जाड थरावर मैदानातील धूळ बसते आणि अंग तापते.

धोक्याची लक्षणे

तोंड उघडून धापा टाकणे, लाळ गळणे, वैरण सोडणे, लडखडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यास विलंब करू नये. जनावर सावलीत घेऊन अंगावर सतत पाणी ओतावे, वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावे. प्रदर्शनासाठी वा बाजारासाठी जनावरे टेम्पोतून न्यायची असल्यास रात्री किंवा पहाटे न्यावीत. उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने यांचे मार्गदर्शन या भागातील पशुपालकांना उपलब्ध आहे.

लाल कंधारी आणि देवणी हे या कोरडवाहू भूमीने घडवलेले गोवंश आहेत. ऊन सोसण्याची शक्ती त्यांच्या त्वचेतच आहे. पशुपालकाने ती त्वचा स्वच्छ, पोसलेली व निर्व्रण ठेवली, तर मार्गशीर्षात मैदानावर उतरणाऱ्या जनावराला वरून तकाकी चढवण्याची गरज उरत नाही.