उभ्याने शिकवणारे सर

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. त्यांना वर्गात खुर्चीवर बसलेले कधी कुणी पाहिले नाही. आम्ही त्याला शिस्त म्हणायचो, नव्या शिक्षकांना त्यांचे उदाहरण द्यायचो. निवृत्तीनंतर एकदा फिरायला गेलो असता तेच म्हणाले, "अहो, कसली शिस्त! बसलं की ओटीपोटाखाली कळ यायची." घरीसुद्धा त्यांनी हे धड सांगितले नव्हते. अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र वर्षानुवर्षे चालू होत्या.

मग मी या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला. प्रोस्टेट ग्रंथीला सूज, म्हणजे जंतू असणारच, असा जुना समज. पण बहुतेकांत जंतू सापडतच नाहीत. म्हणून १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याचा वेगळा वर्ग केला. २००४ साली १९६ पुरुषांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवडे अँटिबायोटिक घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे, यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही! सरांच्या गोळ्या आठवल्या आणि वाईट वाटले.

मग इंजेक्शने आली. त्यातले एक बोट्युलिनम विषाचे. जर्मनीतला डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर याने १८२०च्या सुमारास बिघडलेल्या सॉसेजमधले हे विष अभ्यासले आणि याचे औषधही होईल असे लिहून ठेवले. १८९५ साली बेल्जियममध्ये एका अंत्यविधीला आलेले वादक डुकराचे खारवलेले मांस खाऊन आजारी पडले, तीन दगावले. त्यावरून व्हॅन एर्मेंगेमने तो जंतू शोधला. १९८९ साली तेच विष तिरळेपणावर औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले.

२०११ साली सिएटलच्या डॉक्टरांनी २९ पुरुषांवरची चाचणी छापली. काहींच्या ओटीपोटाखालच्या स्नायूत हे औषध टोचले, काहींना नुसते मिठाचे पाणी. फरक पडला, पण थोडाच. इराणमधल्या डॉक्टरांनी ६० जणांत ते थेट ग्रंथीत टोचले, तिथे सहा महिन्यांनीही आराम दिसला. ती चाचणी २०१५ साली छापून आली. २०१९ साली कॉक्रेनने सगळा पुरावा तपासला. ग्रंथीतल्या इंजेक्शनाने गुण येत असावा, स्नायूतल्याने बहुधा नाही, पण चाचण्या लहान, पुरावा कच्चा, असा त्यांचा सूर.

हे सरांना सांगितले तर ते चिडले. "म्हणजे काहींना नुसतं पाणी? फसवणूकच की!"

म्हटले, "सर, तसं आधी सांगून, सही घेऊनच टोचतात."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग ठीक आहे. ताळा केल्याशिवाय उत्तर बरोबर कसं म्हणायचं? माझ्या गोळ्यांचा ताळा कुणी केलाच नाही."

त्यांनी तरी कुणाला कळू दिले होते का? असो. पण आपल्या घरात कुणी असे उभ्या उभ्या दिवस काढत असेल, तर त्याला एकदा विचारा.