काडतूस पुनर्भरणीच्या दाबयंत्राची कुळकथा

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देता तिच्यात नवी दारू आणि नवी गोळी भरून ती पुन्हा वापरणे याला पुनर्भरणी म्हणतात. काडतुसाचे घटक चार असतात: घोड्याच्या आघाताने पेटणारी प्रायमर नावाची लहानशी टोपी, दारू, गोळी आणि या तिन्हींना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. गोळीबारानंतर यांपैकी पुंगळी तेवढी कामाची उरते आणि बहुधा तीच सर्वांत महाग असल्याने पुनर्भरणीचा सारा हिशेब तिच्याभोवती फिरतो. अमेरिकेत हे काम आज घरातल्या टेबलावर बसवलेल्या प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, होत असले, तरी ते शक्य झाले ते पुंगळीच्या बुडाशी असलेल्या एका छिद्रामुळे.

आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग बंदुकीत करण्याचे पेटंट स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी 1807 मध्ये घेतले. पुढे 1857 मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने .22 व्यासाचे धातूचे काडतूस बाजारात आणले. पण त्यात हे रसायन पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असल्याने आघातासरशी कडच चेपून जाई आणि पुंगळी पुनर्भरणीला निरुपयोगी ठरे. प्रायमर बुडाच्या मध्यभागी बसवण्याच्या दोन पद्धतींची पेटंटे 1866 मध्ये घेतली गेली. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत प्रायमर ज्यावर चिरडतो ती ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि ठिणगी आत जाण्यासाठी सहसा दोन छिद्रे बाजूला असतात. वुलिचच्या शाही प्रयोगशाळेतील ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि छिद्र एकच, नेमके मध्यभागी असते. त्यामुळे पुंगळीच्या तोंडातून सरळ सळई घालून वापरलेला प्रायमर एका दाबात बाहेर ढकलता येतो. योगायोग असा, की ब्रिटिश माणसाची पद्धत अमेरिकेने स्वीकारली आणि अमेरिकन माणसाची युरोपात पसरली. घरगुती पुनर्भरणी अमेरिकेत फोफावण्यामागचे हे एक मोठे तांत्रिक कारण होय.

सुरुवातीचे साधन पकडीसारखे, हातात मावणारे होते. जॉन बार्लो यांनी 1884 मध्ये कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे स्थापन केलेल्या आयडियल कंपनीच्या पकडीने जुना प्रायमर काढण्यापासून गोळी बसवण्यापर्यंतची कामे एकामागून एक उरकता येत. काळी दारू पळीने मोजून भरणे त्या काळी चालत असे. परंतु 1884 मध्येच पॉल व्हिएय यांनी फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या धूररहित दारूचा जोर कितीतरी अधिक असल्याने तराजू आणि काटेकोर मापक ही पुनर्भरणीची अनिवार्य साधने झाली.

पुढच्या काळात पकडीची जागा तरफेवर चालणाऱ्या दाबयंत्राने घेतली. त्यात बसणाऱ्या डाय, म्हणजे पुंगळीला पूर्ववत आकार देणारे, तिचे तोंड किंचित रुंदावणारे आणि गोळी बसवणारे पोलादी साचे, यांचा आटा 7/8 इंच व्यासाचा आणि दर इंचाला 14 फेऱ्यांचा असा ठरून गेल्यामुळे एका कंपनीची डाय दुसरीच्या यंत्रात बसू लागली. कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन यांची 1943 पासूनची आरसीबीएस कंपनी या प्रकारच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध झाली, तर विस्कॉन्सिनमधील रिचर्ड ली यांनी 1958 मध्ये हातोडीने ठोकून वापरण्याचा स्वस्त संच काढून पुनर्भरणी सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आणली.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या काडतुसांना वेगाची गरज अधिक होती, कारण सरावात ती शेकड्यांनी खर्च होतात. या काडतुसांच्या पुंगळ्या बहुधा सरळ भिंतीच्या असल्याने डायच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडचे कडे बसवणे सोयीचे ठरले आणि प्रत्येक पुंगळीला वंगण लावून नंतर ते पुसून काढण्याची दोन कामे एकदम वाचली. फिरत्या माथ्यावर सर्व डाय एकत्र बसवणाऱ्या टरेट यंत्राने डाय बदलण्याचा वेळ वाचवला. तबकडीवरील पुंगळ्यांवर एकाच वेळी निरनिराळ्या क्रिया करून तरफेच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस देणारी यंत्रे सॅन डिएगोच्या स्टार कंपनीने आणि पुढे ॲरिझोनाच्या माइक डिलन यांनी रूढ केली.

एका गोष्टीत मात्र घाई परवडत नाही. पिस्तुलाच्या काडतुसात दारूचे माप अनेकदा पुंगळीच्या निम्म्याहूनही कमी जागा व्यापते. त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही आणि शस्त्र फुटण्याचा धोका ओढवतो. एका वेळी एकच क्रिया करणारे साधे यंत्र म्हणूनच अजून टिकून आहे. त्यावर काम करणारा माणूस भोकांच्या ठोकळ्यात उभ्या केलेल्या पुंगळ्यांतील दारूची पातळी दिव्याच्या उजेडात, गोळी बसवण्यापूर्वी, एकत्र न्याहाळू शकतो आणि यंत्राने वाचवलेला वेळ या तपासणीवर खर्च करणे हाच त्या वेळेचा सर्वांत शहाणपणाचा उपयोग ठरतो.