एक कोड, चार एजंट

१९८४-८५च्या सुमाराला ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठात डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांसोबत सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा. दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही. आणि ग्रूनना स्वतःला वेळ मिळायचा तो फक्त संध्याकाळी. कोड एक, माणसं तीन, आणि कुणाचं घड्याळ कुणाशी जुळत नाही.

तेव्हाची रीत कुलपाची होती. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२मध्ये एससीसीएस बनवलं, पुढे १९८२मध्ये वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. दोन्हींत फाईल बदलायची तर आधी आपल्या नावावर घ्यायची. तुम्ही ती परत करेपर्यंत बाकीचे ताटकळत. वाचनालयातल्या एकुलत्या एक पुस्तकासारखं.

ग्रूननी कुलूपच काढून टाकलं. प्रत्येकाने आपापली प्रत घ्यावी, हवं तेव्हा काम करावं, नंतर सगळं एकत्र करावं. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल, तेवढ्यापुरता माणसाने निवाडा करावा. १९८६मध्ये हे सीव्हीएस नावाने सगळ्यांसाठी खुलं झालं. २००५मध्ये लिनस टॉरवाल्ड्सनी गिट लिहिलं, त्यातही कुलूप नाही.

हा इतिहास मी वाचायला घेतला तो गरजेपोटी. ऑफिसनंतर मी स्वतःसाठी एक टूल बनवतेय: चार एआय कोडिंग एजंट एकाच खिडकीत सांभाळायचं. एजंट म्हणजे काम सांगितलं की स्वतः फायली उघडून, बदलून, टेस्ट चालवून दाखवणारा प्रोग्रॅम. चौघांना एकाच फोल्डरमध्ये सोडलं तर एकाचं अर्धवट काम दुसऱ्याच्या पायात येतं. म्हणून प्रत्येकाला वेगळं फोल्डर, वेगळी ब्रँच. गिटमध्ये ही सोय २०१५पासून आहे, वर्कट्री नावाची. एकाच माणसाला दोन कामं शेजारी-शेजारी उघडी ठेवता यावीत, एवढीच तिची माफक कल्पना. आता तिच्यावर एजंटांची बिऱ्हाडं थाटली जातायत.

म्हणजे ग्रूनचाच उपाय, फक्त विद्यार्थ्यांच्या जागी एजंट. पण या उपायाची एक मर्यादा आहे. तो ओळींची टक्कर ओळखतो, अर्थाची ओळखत नाही.

समजा, एका एजंटने रक्कम देणारं फंक्शन रुपयांऐवजी पैशांत केलं आणि जिथे जिथे ते वापरलंय तिथे दुरुस्तीही केली. त्याच वेळी दुसरा आपल्या प्रतीत बिलाचं नवं पान लिहितोय, रुपये धरून. फायली वेगळ्या, ओळी वेगळ्या. गिट दोन्ही बदल निमूट जोडून टाकतं. आणि ५०० रुपयांचं बिल ५०,००० दाखवतं.

माणसांच्या टीममध्ये अशी गोष्ट बऱ्याचदा चहाच्या टपरीवरच कळते. अर्थात बोलण्यालाही किंमत असते. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५मध्ये ती मोजून दाखवली: ४ माणसांत बोलणाऱ्या जोड्या ६, आणि ८ माणसांत २८. म्हणून रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं.

माझे एजंट एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा हा खर्च वाचला असं वाटतं. तो वाचत नाही, सगळा माझ्या टेबलावर येऊन पडतो. रुपये की पैसे, हे चौघांपैकी कुणीतरी विचारायला हवं होतं. आता ते मला लक्षात ठेवावं लागतं.

म्हणून माझ्या टूलमध्ये मोठा कप्पा 'चालू कामं' हा नाही, 'वाचायचं बाकी' हा आहे. त्यात तीन बदल साठले की चौथं काम सुरूच होत नाही. जोडण्याचं बटण तेव्हाच उघडतं, जेव्हा बदल का केला हे मी माझ्या शब्दांत दोन ओळींत लिहिते. ते लिहिता आलं नाही, तर मला तो कळलेला नाही. मित्र म्हणतात, एवढं थांबायचं तर एजंट कशाला?

याचं उत्तर मला गिटमध्येच सापडलं. प्रत्येक कमिटमध्ये दोन नावांची जागा असते: कोड लिहिणाऱ्याचं आणि तो नोंदवणाऱ्याचं. लिनक्समध्ये बदल ईमेलने यायचे, लिहिणारा एक आणि स्वीकारणारा दुसरा, म्हणून ही सोय. माझे एजंट माझ्याच मशीनवर, माझ्याच सेटिंगने कमिट करतात. मी वेगळं काही सांगितलं नाही, तर दोन्ही जागी नाव माझंच.

पाच वर्षांनी कुणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी त्या बिलाच्या ओळीवर अडेल, ती कुणी लिहिली ते शोधेल आणि मला विचारेल, "हे असं का केलंय?" तेव्हा एजंटची खिडकी कधीच बंद झालेली असेल. उत्तर मलाच द्यायचंय.