सतरा विजयांचा हंगाम

खेळांच्या इतिहासात काही वर्षे चुरशीमुळे लक्षात राहतात, तर काही चुरस मुळीच न उरल्यामुळे. अखिल जपान फॉर्म्युला थ्री ह्या मोटार-शर्यतींच्या अजिंक्यपद स्पर्धेचा २०१८ सालचा हंगाम ह्या दुसऱ्या जातीचा होय. त्या वर्षी एकंदर एकोणीस शर्यती झाल्या आणि त्यांपैकी सतरा एकाच तरुणाने जिंकल्या. शो त्सुबोई हे त्याचे नाव. त्या स्पर्धेचे ते चाळिसावे वर्ष होते. चाळीस वर्षे चाललेल्या एखाद्या तालमीत एका पठ्ठ्याने एका मोसमात एकोणिसांपैकी सतरा कुस्त्या माराव्यात, तसा हा प्रकार. असा आकडा ऐकला म्हणजे प्रथम कौतुक वाटते आणि मागोमाग शंका येते. पठ्ठा खरोखर एवढा मोठा होता, की समोर कोणी नव्हतेच? ह्या प्रश्नाचे उत्तर त्या एका वर्षात सापडत नाही. त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

फॉर्म्युला थ्री म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. ही शिकाऊ चालकांची शर्यत. मोटार एकाच माणसाची. छप्पर नाही, चाके उघडी, आणि चालक जवळजवळ उताणा निजल्यासारखा बसलेला. इंजिन दोन हजार घनसेंटिमीटरचे, पण त्याने फार दांडगाई करू नये म्हणून हवा आत घेण्याच्या तोंडाशी ठरावीक मापाचा अडसर बसविलेला असे. तरीही दोनशेहून अधिक अश्वशक्ती त्यातून निघत असे, आणि मोटारीचे वजन चालकासह सुमारे साडेपाचशे किलो. हुबळीच्या कमरीपेठेतल्या अरुंद रस्त्यांतून वर्षानुवर्षे ये-जा केलेली मारुती ८०० ही गाडी आठवून पाहावी. तिचे वजन रिकामेपणीच ह्याहून अधिक, आणि शक्ती सुमारे चाळीस घोड्यांची. म्हणजे मारुतीहून हलकी आणि पाचपट जोरकस अशी ही वस्तू विशी-बाविशीच्या पोरांच्या हाती द्यावयाची, आणि हुबळीहून बेळगावला जाण्याइतके अंतर घड्याळाच्या काट्यावर काटा ठेवून तोडावयास सांगावयाचे. पहिल्या सहा जणांना दहा, सात, पाच, तीन, दोन व एक असे गुण. वर्षअखेर ज्याची बेरीज मोठी, तो अजिंक्य.

जपानमध्ये ह्या खेळाची मुळे फार जुनी नाहीत. सोइचिरो होंडा ह्या कारखानदाराने १९६२ साली सुझुका येथे शर्यतीचा पहिला खरा बांधीव मार्ग उभा केला. त्याची आखणी हूगनहोल्ट्स नावाच्या डच माणसाने केली. सुमारे पावणेसहा किलोमीटरचा हा मार्ग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा स्वतःलाच ओलांडून जातो. एक पदर पुलावरून, दुसरा पुलाखालून. कारखानदाराने शर्यतीचा मार्ग बांधावा ह्यात वरवर पाहता चैन दिसते. परंतु होंडाचा हिशेब वेगळा होता. मोटारीचे दुखणे कागदावर कळत नाही, ते शेवटच्या वेगाला कळते, अशी त्याची समजूत होती. दोनच वर्षांनी, १९६४ साली, त्याची मोटार जगातल्या सर्वांत वरच्या शर्यतीत, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये, उतरली, आणि १९६५ साली मेक्सिकोत तिने पहिला विजय मिळविला. फूजी पर्वताच्या पायथ्याशी दुसरा मार्ग झाला. त्याची एक सरळ रेघ जवळजवळ दीड किलोमीटर लांबीची आहे.

पुढे दिवस पालटले. होंडाने १९६८ अखेर त्या शर्यतींतून अंग काढून घेतले. १९७७ साली फूजी येथे गिल व्हिलनव्ह ह्याची मोटार दुसरीवर आदळून उडाली आणि दोन माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर फॉर्म्युला वन जपानमध्ये यावयाची ती दहा वर्षे आलीच नाही. अशा पडत्या काळात, १९७९ साली, अखिल जपान फॉर्म्युला थ्री सुरू झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वरचा मजला रिकामा असताना तळमजला बांधावयास घेतला गेला. पहिला अजिंक्य ठरला तोशिओ सुझुकी. मोटारींच्या कारखान्याशी त्याच्या नावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. सुझुकी हे आडनाव जपानात आपल्याकडील पाटील-कुलकर्ण्यांइतके सर्रास आढळते.

पहिली काही वर्षे स्पर्धा घरचीच राहिली. मग जपानकडे पैसा आला आणि पैशामागोमाग परदेशी चालक आले. १९९२ साली ब्रिटनहून आलेला अँथनी रीड अजिंक्य झाला आणि त्याच्या पाठीमागे दुसरा आला तो जॅक व्हिलनव्ह, म्हणजे ज्याच्या मोटारीने फूजीला अनर्थ केला होता त्या गिलचाच मुलगा. पाच वर्षांनी तो जगज्जेता झाला. १९९३ साली डेन्मार्कचा टॉम क्रिस्टेन्सन जिंकला. त्याने पुढे फ्रान्समधील चोवीस तासांची ल मान्स शर्यत नऊ वेळा जिंकली. १९९५ साली स्पेनचा पेद्रो दे ला रोसा, २००६ साली जर्मनीचा आद्रियान सुटिल, २००९ साली स्वीडनचा मार्कुस एरिक्सन. ह्यांपैकी सुटिल नंतर विजय मल्ल्या ह्यांच्या फोर्स इंडिया संघाकडून धावला, म्हणून आपल्याकडील वर्तमानपत्रांत त्याचे नाव काही वर्षे झळकत असे. त्याची उमेदवारी जपानात झाली होती, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल.

ह्या परदेशी पाहुण्यांपैकी अनेकांना जिंकून देणारा संघ एकच होता. नोबुहिदे ताची आणि कियोशी ओइवा ह्या दोघांनी १९७४ साली तो काढला आणि आपल्या आडनावांची आद्याक्षरे जुळवून त्याला टॉम्स असे नाव दिले. त्याच्यामागे टोयोटा कारखान्याचे बळ. होंडाने तर सुझुका येथे शर्यतीची रीतसर शाळाच काढली. जपानचा पहिला पूर्णवेळ फॉर्म्युला वन चालक सातोरू नाकाजिमा हा तिथला मुख्य गुरुजी. ह्या शाळेची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ताकुमा सातो नावाचा एक विद्यार्थी विद्यापीठात सायकल-शर्यती खेळत असे. मोटारीशी त्याचा संबंध अगदी अलीकडचा, आणि शाळेची वयोमर्यादा ओलांडण्याच्या बेतात. निवड पूर्वीच्या कामगिरीवर होणार असे कळले तेव्हा त्याने उभे राहून विनंती केली की, प्रत्येकाची मुलाखत घ्यावी. शाळेने ऐकले. त्याला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि २००१ साली तो विलायतेतील फॉर्म्युला थ्रीचा अजिंक्य झाला. अमेरिकेतील इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्याने २०१७ आणि २०२० अशी दोनदा जिंकली. ऐन वेळी उभे राहणारा मुलगा आणि त्याचे ऐकून घेणारी शाळा, ही दोन्ही एका ठिकाणी आली म्हणून हे घडले.

येथे थोडे आपल्या देशाकडे वळले पाहिजे, कारण तुलना आपोआप समोर येते. भारतात शिकाऊ एकआसनी मोटारीचा इतिहास मुख्यतः एका माणसाच्या नावाने सांगावा लागतो. कोइमतूरचे सुंदरम् करिवर्धन हे ते गृहस्थ. मद्रासजवळ शोलावरम् येथे दुसऱ्या महायुद्धातील जुन्या विमानतळावर शर्यती होत असत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात करिवर्धनांनी मारुती ८०० चे इंजिन काढून ते स्वतःच्या आखणीच्या एकआसनी सांगाड्यात बसविले आणि फॉर्म्युला मारुती उभी केली. म्हणजे गंमत अशी की, इंजिन मूळचे जपानचेच, सुझुकीचे. पण जपानात ज्यामागे कारखाने उभे होते, ते काम येथे एका हौशी माणसाच्या कार्यशाळेत चालले होते. १९९५ साली लहान विमानाच्या अपघातात करिवर्धनांचा अंत झाला. कोइमतूरजवळचा शर्यतमार्ग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्याच फॉर्म्युला मारुतीत हात बसविलेला नारायण कार्तिकेयन १९९६ साली फॉर्म्युला एशियाचा अजिंक्य झाला. २००० सालच्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा अंतिम तक्ता पाहण्याजोगा आहे. तिसरा सातो, चौथा कार्तिकेयन. एक होंडाच्या शाळेतून आलेला, दुसरा मारुतीच्या इंजिनावर शिकलेला. दोघांत एका पायरीचे अंतर. परंतु त्या दोघांच्या मागे कोण येत होते, हे पाहिले तर अंतर फार मोठे भरते. सातोच्या मागे दरवर्षी नवे विद्यार्थी तयार होत होते. कार्तिकेयनच्या मागे बराच काळ एखाद-दुसरेच नाव होते. अलीकडे हे चित्र थोडे बदलले आहे. हुबळीहून बेळगावच्या पलीकडे गेले की कोल्हापूर लागते. तेथील मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर लहान मुलांच्या राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. २०२३ सालापासून फॉर्म्युला फोरची भारतीय स्पर्धाही सुरू झाली. तिच्या पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मात्र ऑस्ट्रेलियाच्या कूपर वेबस्टरने नेले.

आता पुन्हा त्सुबोईकडे. जपानमध्ये २०१५ साली नव्या धर्तीची फॉर्म्युला फोर स्पर्धा सुरू झाली, आणि तिचा पहिला अजिंक्य तोच. पुढल्या वर्षी टोयोटाने त्याला वरच्या वर्गात, टॉम्स संघात, चढविले. २०१६ साली त्याच संघाचा केंता यामाशिता पहिला आला, त्सुबोई तिसरा. २०१७ साली निस्सानच्या आधारावर धावणारा मित्सुनोरी ताकाबोशी पहिला, त्सुबोई दुसरा. त्या वर्षी तिसरा आलेला अॅलेक्स पालौ हा स्पेनचा तरुण पुढे अमेरिकेत इंडीकार मालिकेचा अनेक वेळा विजेता झाला. म्हणजे त्सुबोईने दोन वर्षे ज्यांच्याकडून मार खाल्ला, ती माणसे सामान्य नव्हती.

शिकाऊ वर्गात तिसरे वर्ष म्हणजे अवघड जागा. एकाच इयत्तेत तीनदा बसलेल्या मुलाकडे जग ज्या नजरेने पाहते, त्याच नजरेने कारखानदारही पाहतात. ह्या वर्षी जिंकला नाही तर वरच्या वर्गाचे दार बंद, ह्याची त्सुबोईला कल्पना असणारच. दुसरीकडे ताकाबोशी आणि पालौ हे दोघेही स्पर्धेतून निघून गेलेले. तेव्हा समोर कोणी नव्हते, ह्या आक्षेपात थोडे तथ्य आहेच. शर्यतीत उतरणाऱ्या मोटारींची संख्याही जुन्या वर्षांच्या मानाने रोडावली होती. शिवाय ह्या मोटारींची घडणच अशी की, पुढच्या मोटारीच्या मागे फाटलेल्या हवेत मागची मोटार वळणावर नीट चिकटत नाही. त्यामुळे मागे टाकणे कठीण. आदल्या चाचणीत ज्याचा वेळ सर्वांत कमी तो पुढे उभा राहतो, आणि पहिल्या वळणात पुढे शिरला की बहुधा पुढेच राहतो.

पण हे सर्व मान्य केले तरी हिशेब पुरा होत नाही. कारण त्सुबोईच्याच संघात, त्याच बनावटीची मोटार आणि तेच इंजिन घेऊन, रितोमो मियाता धावत होता. हा मुलगा वयाने चार वर्षांनी लहान आणि २०१६ व २०१७ असा लागोपाठ दोन वेळा फॉर्म्युला फोरचा अजिंक्य. त्याला कच्चा म्हणण्याची सोय नाही. तरीही वर्षअखेर तो दुसरा राहिला, आणि पहिल्या-दुसऱ्यात अंतर फार पडले. मोटार सारखी, कारखाना एक, आणि निकाल असा. एकोणीसपैकी सतरा ह्या आकड्याचे खरे माप मियाताच्या बाजूला उभे राहून घेतले पाहिजे. एकदा-दोनदा वेगवान असणे पुष्कळांना साधते. परंतु सुझुकाचा चढउतार, फूजीची लांब रेघ, सुगोची डोंगरातली वळणे अशा भिन्न प्रकृतीच्या मार्गांवर, सबंध हंगामभर, चूक न करता पुढे राहणे हे निराळे काम आहे. त्यात दिपवून टाकण्यासारखे काही नसते. प्रेक्षकाला ते कंटाळवाणेही वाटते, आणि वाटले असेलच.

ह्या हंगामानंतर स्पर्धेला आपल्या जुन्या नावाने एकच वर्ष मिळाले. मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१९ पासून फॉर्म्युला थ्री हे नाव स्वतःच्या नव्या जागतिक मालिकेला दिले आणि ठिकठिकाणच्या राष्ट्रीय स्पर्धांना दुसरी नावे शोधावी लागली. त्या अखेरच्या २०१९ साली साशा फेनेस्ट्राझ पहिला आला आणि मियाता पुन्हा दुसरा. २०२० पासून स्पर्धा सुपर फॉर्म्युला लाइट्स ह्या नावाने भरू लागली. नव्या नावाचा पहिला अजिंक्य मियाताच.

त्सुबोई २०१९ साली वरच्या सुपर फॉर्म्युला वर्गात गेला. तेथे अजिंक्यपद मिळण्यास त्याला २०२४ साल उजाडावे लागले. त्याच्या आधी, २०२३ साली, ते पद मियाताने घेतले होते. आणि त्याच २०२३ साली, जपानच्या सुपर जीटी शर्यतीत, जेथे एकच मोटार दोन चालक आळीपाळीने हाकतात, टॉम्स संघाच्या छत्तीस क्रमांकाच्या मोटारीने अजिंक्यपद जिंकले. तिच्या दारावर दोन नावे रंगविलेली होती, त्सुबोई आणि मियाता.