लेबलावर नसलेले नाव

१९३०च्या आसपासच्या इंग्रजी नाचगाण्यांच्या तबकड्या कोणाच्या संग्रहात सापडल्या, तर मधला गोल कागद जरूर वाचावा. शिक्का तोच, आपल्याकडे घरोघरी ओळखीचा झालेला एचएमव्हीचा कुत्रा. त्याखाली गाण्याचे नाव, वाद्यवृंदाचे नाव आणि ‘गायनासह’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. गायन कोणाचे, याचा बहुतेक वेळा पत्ता नाही.

त्यातले बरेचसे गायन अल बौलीचे आहे. रे नोबल हा एचएमव्हीच्या पदरी असलेला संगीतकार. त्याने १९३४ साली ‘द व्हेरी थॉट ऑफ यू’ हे प्रेमगीत लिहिले, चालही त्याचीच, आणि त्याच्या वाद्यवृंदाबरोबर ते गायला बौली. पुढे बिली हॉलिडे, नॅट किंग कोल अशा मातबरांनी ते गायले. कोलचे गाणे अधिक मखमली आहे, हे मान्य. पण बौलीच्या आवाजात जी किंचित चाचरणारी जवळीक आहे, ती मला दुसऱ्या कोणात ऐकू आली नाही.

ही जवळीक मायक्रोफोनमुळे शक्य झाली. १९२५पर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे कर्ण्यासमोर उभे राहून आवाज लावणे; त्यात खड्या गळ्याचीच सरशी. विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि हलक्या स्वरातला उसासासुद्धा तबकडीवर उतरू लागला. तरीही तबकडी विकत घेतली जाई ती नाचण्यासाठी. ताल वाद्यवृंदाने सांभाळायचा, गायकाने मध्येच उठून ध्रुपद म्हणायचे आणि पुन्हा खाली बसायचे. वादकांमधलाच तो एक. त्याचे नाव कशाला छापायचे?

हा माणूस मुळात लंडनचा नव्हेच. जन्म १८९८चा, मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्किश येथला. बाप ग्रीक, आई लेबनानी. जोहान्सबर्गमध्ये त्याने न्हाव्याचे काम केले. मग गिटार-बँजो घेऊन एका बँडबरोबर भटकंती सुरू झाली. त्या भटकंतीत तो कोलकात्यालाही होता. तिथल्या ग्रँड हॉटेलात जिमी लेक्विमच्या बँडमध्ये वाजवत असे. पुढे सिंगापूरचे रॅफल्स, १९२७मध्ये बर्लिन, आणि १९२८मध्ये लंडनचे सॅव्हॉय हॉटेल. नोबलबरोबर १९३४च्या अखेरीस तो न्यूयॉर्कला गेला. १९३७मध्ये घशातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर लंडनमध्ये पूर्वीची जागा रिकामी राहिलेली नव्हती.

१९४१च्या एप्रिलच्या आरंभी त्याने शेवटचे ध्वनिमुद्रण केले. गाणे अर्व्हिंग बर्लिनचे, हिटलरच्या मरणाची वाट पाहणारे. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १६ एप्रिलच्या रात्री, जिमी मेसीनबरोबर हाय विकमच्या रेक्स चित्रगृहात त्याचा कार्यक्रम झाला. मुक्कामाची सोय होती. बौलीने शेवटची गाडी पकडून घर गाठले. १७च्या पहाटे हवाई छत्रीने सोडलेला सुरुंग जर्मिन स्ट्रीटवर त्याच्या इमारतीबाहेर फुटला. अंगावर जखमेची खूण नव्हती म्हणतात. स्फोटाने उखडलेले खोलीचे दार डोक्यावर आदळले होते.

पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या दफनभूमीत, त्या हल्ल्यांतल्या इतर मृतांबरोबर, त्याला सामुदायिक कबरीत पुरले.