दादीच्या गोष्टी आणि आपला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बादशहा, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु प्रत्येक घरात आणखी एक इतिहास नांदत असतो. तो कागदावर नसतो, घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यात असतो. विद्यार्थी मित्रांनी आणि पालकांनी या इतिहासाकडेही लक्ष द्यावे, म्हणून माझ्या दादीच्या तरुणपणाची ही हकिगत येथे मांडत आहे.

दादीचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या खाडीकाठी. दादा जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या मुस्लिम घरांत त्या काळी घरटी एखादा तरी माणूस बोटीवर असे. लग्नानंतर ती मुंबईला डोंगरीतल्या चाळीत आली. लग्न कोणत्या साली झाले, असे विचारले तर तिला सांगता येत नसे. ती म्हणायची, "शादी झाली आणि तिसऱ्या महिन्यात बंदर उडालं."

या एका वाक्यात पक्की तारीख दडलेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला लागलेल्या आगीने भयंकर स्फोट झाले. जहाजात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवताना प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. म्हणजे दादीचे लग्न १९४४ च्या आरंभी झाले. दादी सांगे की खिडक्यांची तावदाने फुटली, जपान्यांनी बाँब टाकले असे समजून लोक जिने उतरून पळाले आणि सासूबाईंनी चुलीवरचे भांडे तसेच ठेवून तिचा हात धरला. जपानी हल्ल्याची ती अफवा त्या दिवशी खरोखरच शहरभर पसरली होती.

दुसरे उदाहरण पाहा. "पहिली ईद सासरी केली आणि बोटी सुरू होताच माहेरी गेले," असे ती सांगे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते. १९४४ साली ती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली होती. कोकणच्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत आणि समुद्र शांत होऊ लागला की पुन्हा सुटत. दोन्ही गोष्टी बरोबर जुळतात. निरक्षर माणसाची आठवण म्हणजे भोंगळ आठवण, हा समज किती खोटा आहे ते यावरून दिसते. तिचे पंचांग ईद, पाऊस, बोट आणि बाळंतपण यांचे होते. ते आपल्याला वाचता आले पाहिजे, इतकेच.

अर्थात पाहिलेले आणि ऐकलेले यांत फरक करावा लागतो. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दादीने ते दृश्य पाहिले नव्हते, पण भाऊच्या धक्क्यावर उसळलेल्या आकांताचे वर्णन ती पाहिल्यासारखे करी. ती हकिगत ऐकीव होती. मात्र त्यानंतर कित्येक वर्षे बोटीत पाय ठेवताना ती कलमा पुटपुटत असे, ही तिची स्वतःची गोष्ट होती. इतिहासाला दोन्हींचा उपयोग आहे, फक्त त्यांची सरमिसळ होऊ नये.

सर्वांत मोलाची गोष्ट तिने फार उशिरा सांगितली. कुराणशरीफचे खतम तिने लहानपणीच केले होते, परंतु तिच्या भावांना उर्दू शाळेत घातले, तिला घातले नाही. युद्धाच्या काळात दादांचे पत्र महिनोन्महिन्यांनी येई. ते वाचून घ्यायला ती शेजारच्या शाळकरी मुलाकडे जाई. उत्तरही तोच लिही. "परक्या पोराच्या तोंडून नवऱ्याचा हाल ऐकायचा, आणि मनात असेल ते सांगायची चोरी. 'सगळं खैरियत आहे' एवढंच लिहवून घ्यायचे," ती म्हणायची. पहिले मूल दगावले तेव्हाही पत्रात खैरियतच गेली.

त्याच कोकण किनाऱ्याशी नाते असलेल्या, जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली यांच्या भगिनी अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथली त्यांची रोजनिशी पुढे ग्रंथरूपाने छापली गेली. ज्यांना अक्षर मिळाले त्यांचा इतिहास पुस्तकात राहिला. ज्यांना मिळाले नाही त्यांचा त्यांच्याबरोबरच गेला, आणि अशाच स्त्रिया अधिक होत्या. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांपैकी साक्षर जेमतेम नऊ होत्या. दादीने पुढे आपल्या तिन्ही मुलींना शाळेत पाठवले. नातेवाईकांनी कारण विचारले की ती म्हणे, "त्यांची पत्रं त्यांनीच वाचावीत."

विद्यार्थी मित्रांनो, सुटीत घरातल्या दादी-नानीजवळ वही घेऊन बसा. साल विचारू नका. त्या वेळी धान्य कोठून येई, गावाला कसे जात, पत्र कोण वाची, शाळेत कोणाला घातले आणि कोणाला नाही, असे विचारा. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा, मग इतर माणसांकडून आणि पुस्तकांतून पडताळा. पालकांनाही विनंती की, मुलगी असे प्रश्न विचारू लागली तर तिला थांबवू नका. त्या आगबोटी इतिहासजमा झाल्या, त्यांतून प्रवास केलेली माणसेही आता थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांचे ऐकून घेणे आणि लिहून ठेवणे, हे शिकलेल्या पिढीवरचे कर्ज आहे.