पायपेटी

परवा नातवाने फोनवर एक गाणं पाठवलं. खाली एवढंच लिहिलेलं, "आबा, ऐका. तुमची पायपेटी!"

गाणं कसलं, चांगलं वीस मिनिटांचं ऑर्गनवादन निघालं. जिमी स्मिथ नावाच्या अमेरिकन वादकाचं, १९५८ साली मुद्रित झालेलं. नाव 'द सर्मन', म्हणजे प्रवचन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे काय बुवा! दुसऱ्यांदा ऐकताना मात्र उठून बसलो.

लॉरेन्स हॅमंड याने विजेवरचं ऑर्गन १९३५ साली बाजारात आणलं. नळ्यांचं मोठं ऑर्गन ज्यांना परवडत नसे अशी चर्चेस ते घेत. मूळचा पियानोवाला जिमी स्मिथ तेच वाद्य क्लबात घेऊन बसला आणि १९५६ पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या. उजव्या हाताने गाणं, डाव्या हाताने आणि पायाने खालचे खर्जाचे सूर. ब्लूज हे काळ्या लोकांचं गाणं. त्यात गंधार आणि निषाद धड कोमलही नसतात आणि धड शुद्धही नसतात, मध्येच कुठेतरी लागतात. गळ्याला ते जमतं. पट्ट्यांच्या वाद्याला कसं जमावं? स्मिथ शेजारच्या पट्टीला ओझरता स्पर्श करून घसरतो, आणि आपला कान उरलेलं अंतर भरून काढतो.

ही लबाडी माझ्या ओळखीची होती.

माझे धाकटे काका महालातल्या हौशी नाटकमंडळीत ऑर्गन वाजवत. दोन्ही पायांनी आळीपाळीने भाता हाणायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. साध्या पेटीत हवा सुरांच्या पात्यांवरून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून आवाज गोल आणि मऊ. हेही वाद्य मूळचं देवळातलंच, म्हणजे त्यांच्या. मिशनऱ्यांबरोबर आलं आणि आमच्या नाटकवाल्यांनी उचललं! गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. बालगंधर्वांचं नाव घेतल्यावर यातले हरिभाऊ किती जणांना आठवतात?

काका म्हणत, "नट चुकला तर टाळ्या थांबतात, मी चुकलो तर नाटक थांबतं." पण त्या मंडळीच्या हस्तपत्रिकेत नटांची नावं असत, तबलजीचं असे, काकांचं एकदाही छापलं गेलं नाही. ते कधी बोलले नाहीत. काकू बोलायच्या.

ऑर्गन म्हटलं की मला आठवतात गोविंदराव पटवर्धन (१९२५ ते १९९६). नाटकात ऑर्गन, मैफलीत हार्मोनियम. छोटा गंधर्व, राम मराठे, कुमार गंधर्व आणि आमचे वसंतराव देशपांडे, सगळ्यांना त्यांची साथ. (आमचे म्हणजे जन्म मूर्तिजापूरचा, पण वाढले नागपुरात आणि शिकले इथल्याच शंकरराव सप्र्यांकडे. तेवढा हक्क सांगू द्या.) वसंतरावांची तान कुठे वळेल याचा नेम नसे. अशा गायकाच्या मागे धावून भागत नाही, तो पोचायच्या आत तिथे जाऊन बसावं लागतं. गोविंदरावांनी एकट्याने वाजवलेली नाट्यपदंही आहेत. ती ऐकताना शब्द ऐकू येतात, असं मी शपथेवर सांगेन.

आणि हे सगळं कोणत्या काळात? १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. या पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, बारा ठरीव सूर तेवढे, हा आक्षेप. आमचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं तेव्हाही बंदी होतीच. ती सैल झाली सत्तरीच्या दशकात. आक्षेप खोटा नव्हता हो. पट्टीत मींड नाहीच. पण गोविंदराव एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधला सूर असा काही चाटून जात, की मींड कानाला मिळे. तिकडे जिमी स्मिथही हेच करत होता. दोघांना एकमेकांचं नाव तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

मी कॉलेजात असताना धनवटे रंगमंदिरात (आता तेही नाही) संगीत नाटकाला काकांबरोबर गेलो होतो. मी रंगमंचाकडे पाहत होतो. काका तीन तास खाली, ऑर्गनवाल्याच्या पायांकडे. घरी येताना रिक्षात त्यांचे पाय हलत होते.

काल मी नातवाला गोविंदरावांचं एक नाट्यपद पाठवलं. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं. "आबा, भारी आहे. गातंय कोण ते कळलं. पेटीवर कोण?"

चष्मा शोधला आणि नाव टाइप केलं. 'पटवर्धन'मधला रफार दोनदा चुकला.